तरुणांची गाडी, सहा जणांची सोय

२०१६ हे साल मोटारधंद्याच्या दृष्टीने मोठं गमतीचं गेलं. फेब्रुवारीत टोयोटाने ‘सायन’ हा खास तरुणांसाठी काढलेला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि ऑक्टोबरात बर्लिनमध्ये ‘लिंक अँड को’ हा खास तरुणांसाठी काढलेला ब्रँड वाजतगाजत अवतरला. मधल्या आठ महिन्यांत तरुणांमध्ये काही फरक पडला असेल असं वाटत नाही. पण मोटार कंपन्यांना दर दहा-बारा वर्षांनी तरुणांचा उमाळा येतो, त्याला इलाज नाही. माझं म्हणणं एवढंच, की या सगळ्या खटाटोपात तरुण लागतात ते जाहिरातीपुरते. गिऱ्हाईक म्हणून कंपनीला त्यांचे वडीलच परवडतात. आणि तरुणांसाठी म्हणून त्या गाडीत जे काही खरोखर वेगळं असतं, तेच सगळ्यांत आधी गळून पडतं.

लिंक अँड को ही चीनच्या जीली या कंपनीची निर्मिती. जीलीने २०१० साली फोर्डकडून व्होल्वो विकत घेतली होती, त्यामुळे ‘०१’ या पहिल्या गाडीचा सांगाडा व्होल्वोच्या एक्ससी-४० चाच होता. म्हणजे खानदान चांगलं होतं. पण ते न सांगण्याकडेच कल होता, कारण तरुणांना म्हणे गाडीत रस नसतो, त्यांना कनेक्टिव्हिटी हवी असते. मग गाडी कायम इंटरनेटला जोडलेली, किल्लीचं काम मोबाइलवर, आणि आत बसलेल्यांचे फोटो काढायला खास कॅमेरा. युरोपात तर सगळा संसारच नव्याने मांडला. शोरूम नाही, त्याऐवजी ‘क्लब’. पहिला २०२० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला उघडला. तिथे कॉफी प्यावी, चार वस्तू पाहाव्यात, गाडीचा विषय निघाला तर निघाला. रंग दोन, निळा किंवा काळा. गाडी विकत घ्यायची सक्ती नव्हती. महिन्याला ५०० युरो भरा, विमा-देखभाल त्यातच, आणि कंटाळा आला तर महिनाभर आधी कळवून मोकळे व्हा. लग्नाच्या बाजारात ही अट कोणी घातली असती तर मध्यस्थाने पायरी चढू दिली नसती, पण मोटारीच्या बाजारात तिला क्रांती म्हणतात.

या क्रांतीतला सगळ्यांत सुंदर भाग म्हणजे गाडी वाटून घेण्याचं बटण. हिशेब साधा होता: खासगी मोटार आयुष्याचा साधारण ९५ टक्के वेळ नुसती उभी असते, तेवढ्या वेळात ती दुसऱ्याला भाड्याने द्या, ५०० युरोंतले काही वसूल करा. कागदावर याला तोड नाही. पण जो माणूस ५०० युरो भरू शकतो, त्याला अनोळखी माणसाने आपली सीट मागे सरकवलेली, आरसा फिरवलेला आणि कपाच्या खाचेत बिस्किटाचा चुरा सांडलेला चालत नाही. ज्याला हे सगळं चालतं, तो ५०० युरो भरू शकत नाही. खऱ्या विशीतल्या माणसाला मित्राची गाडी मागायला बटण लागत नाही, आणि नाही म्हणायलाही लागत नाही. शिवाय ज्या शहरात पहिला क्लब काढला, तिथे मुलं सायकलवरून कॉलेजला जातात आणि पगार सुरू झाला की त्याचा मोठा घास घरभाडं खातं. त्यांच्यासमोर भलीमोठी गाडी ठेवायची आणि तिला स्वातंत्र्य म्हणायचं, हे जरा जास्तच होतं.

आता कनेक्टिव्हिटीचं. तरुण माणूस मुळात जोडलेलाच असतो. तो सुटावा म्हणून घरचे नवस बोलतात. गाडीतलं इंटरनेट त्याला नवं काय देणार? उलट इथे वयांचा मेळच बसत नाही. फोन तीन-चार वर्षांत म्हातारा होतो, गाडी पंधरा वर्षं चालते. अमेरिकेत २०२२ साली मोबाइल कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, तेव्हा अनेक कंपन्यांच्या धडधाकट गाड्या एका रात्रीत मुक्या झाल्या. इंजिन ठणठणीत, पण अपघात झाल्यावर मदत मागण्याची सोय गेली. यावर उत्तर येतं, की आता सॉफ्टवेअर हवेतूनच अद्ययावत होतं. होतं की. पण हवेतून सॉफ्टवेअर येतं, नवा मोडेम येत नाही. म्हणजे जी गोष्ट गाडीला तरुण ठेवणार होती, तीच तिचं वय सर्वांत आधी उघडं पाडते. साध्या जुन्या गाडीला निदान आपण जुन्या झालो हे चारचौघांत सांगावं लागत नाही.

राहता राहिलं गिऱ्हाईक. सायनचं उदाहरण इथे कामाला येतं. २००३ मध्ये कॅलिफोर्नियातून सुरुवात, किमतीत घासाघीस नाही, जाहिरातीपेक्षा गाण्याबजावण्याचे कार्यक्रम. त्यातली ‘एक्सबी’ ही अगदी खोक्यासारखी चौकोनी गाडी. तरुणांनी ती घेतली, पण ज्येष्ठांनीही घेतली: दार मोठं, छत उंच, बसता-उठता गुडघे दुखत नाहीत, वर किंमत बेताची. होंडाच्या ‘एलिमेंट’चंही तेच झालं. कॉलेजच्या वसतिगृहाची कल्पना डोळ्यांपुढे ठेवून केलेली गाडी पोक्त मंडळींनी उचलली, कारण आतली जमीन पुसून काढता येते आणि कुत्रा मावतो. कोणी म्हणेल, मग बिघडलं कुठे, गाड्या खपल्या ना? काहीच बिघडलं नाही. फक्त बिरूद खोटं ठरलं.

याहून वजनदार आक्षेप चीनचा आहे. २०१७ साली तिथे ‘०१’ विक्रीला आली तेव्हा १३७ सेकंदांत ६००० गाड्यांची नोंदणी झाल्याचं कंपनीने सांगितलं. त्या वेगात आपल्याकडे एक ओटीपी धड येत नाही. हे यश मला मान्य आहे. पण तिथे लोकांनी गाड्या रीतसर विकत घेतल्या, आणि त्या घेतल्या कारण व्होल्वोचा सांगाडा व्होल्वोपेक्षा कमी पैशांत मिळत होता. हा विचार विशीतला नव्हे, घरातल्या कर्त्या माणसाचा. युरोपातही २०२४ मध्ये कंपनीने शेवटी डीलरांची वाट धरली. ज्या विक्रेत्याला हाकलून क्लब उघडला होता, तोच मागच्या दाराने आत आला.

आणि तरुणांच्या या ब्रँडने २०२५ मध्ये जी बडी गाडी आणली, तिचं नाव ‘९००’. लांबी सव्वापाच मीटर, आसनं तीन रांगांत सहा. मधल्या रांगेतली आसनं उलटी फिरवता येतात, म्हणजे मधले आणि मागचे रेल्वेच्या डब्यासारखे समोरासमोर बसतात. आजी-आजोबांनी नातवाला अभ्यास कसा चाललाय, हे थेट डोळ्यांत बघून विचारावं, इतकी पक्की कनेक्टिव्हिटी. नातवासाठी छताला ३० इंची पडदा टांगला आहे.