ओटा आपला आपण आणावा

हे मार्गदर्शन फक्त नवशिक्यांसाठी आहे. परदेशात ज्यांचं एक घर मांडून आणि मोडून झालंय, त्यांनी पुढे वाचू नये.

आम्ही दोघं ऑक्टोबर २०१९ मध्ये नाशिकहून जर्मनीत स्टुटगार्टला गेलो. तेव्हापासून सुट्टीवर आलो की गंगापूर रोडच्या घरी कोणी ना कोणी वही घेऊन येतंच. आधी सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले इंजिनिअर यायचे. ते साहजिकच होतं. ज्या मायकोच्या नावाने आपला मायको सर्कल ओळखला जातो, तिची मूळ कंपनी बॉश स्टुटगार्टचीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने तिथल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, आणि मग नर्सिंग झालेल्या मुली, इलेक्ट्रिशियन मुलं, त्यांचे आईवडील, एकदा तर एका मुलाचे मामाही आले. प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच: “घर लावायला किती धरायचे?”

एकेकाला सांगून घसा बसला. म्हणून हे लिहून ठेवतो.

पायरी पहिली: यादी करा आणि फाडा. यादीशिवाय बजेट होत नाही, हे खरं. पण नाशिकमध्ये बसून केलेली यादी दोन हातांची असते. मुलाच्या हातची यादी टीव्हीपासून सुरू होते आणि आईच्या हातची पोळपाटापासून. मधे कुठेतरी पलंग येतो. दोन्ही याद्यांत एक गोष्ट कधीच नसते, आणि ती म्हणजे ओटा.

असणार कशी? ओटा ही काही विकत घ्यायची वस्तू आहे का? सिडकोतल्या एका खोलीच्या घरातही कडप्प्याचा का होईना, ओटा असतो, त्याच्या पोटात मोरी नाहीतर सिंक असतं. घर म्हटलं की भिंत, छत आणि ओटा. तर नवशिक्यांनो, नीट ऐका. जर्मनीत भाडेकरू घर सोडताना स्वयंपाकघर घेऊन जातो. भांडी नव्हेत, स्वयंपाकघर. कपाटं, शेगडी, वरचा दगड, सिंक, नळ, सगळं स्क्रू काढून. सगळीकडे असंच असतं असं नाही. ओट्यासकट घरंही मिळतात, पण ती आधी दुसऱ्यांना मिळतात.

आमच्या घराचं दार उघडलं तेव्हा स्वयंपाकाच्या खोलीत पाण्याच्या पाइपाची दोन टोकं, एक सॉकेट आणि कपाटं जिथे होती तिथे भिंतीवर जरा कमी पिवळे चौकोन, एवढंच होतं. छतातून दोन वायरी लोंबत होत्या, कारण दिवेही ज्याचे त्याने न्यायचे असतात. मी बायकोकडे पाहिलं. तिने त्या चौकोनांकडे पाहिलं आणि म्हणाली, “अरे, हे लोक जेवतात कुठे?”

जाणारा भाडेकरू तयार असेल तर त्याचं स्वयंपाकघर तिथल्या तिथे विकत घेता येतं. घर बघायला जाल तेव्हा खिडक्या कुठल्या दिशेला आहेत हे नंतर विचारा, आधी हे विचारा. आम्ही खिडक्यांचं विचारलं होतं. पुढचे सात आठवडे खिडकीच्या कट्ट्यावर विजेची एक चकती ठेवून वरणभात केला आणि बाथटबमध्ये कुकर घासला. पाठ मोडते, पण पाणी भरपूर असतं.

पायरी दुसरी, जी खरं तर पहिलीच्याही आधी करायची: पैसे बाजूला काढा. भाडं दोन प्रकारचं असतं, थंड आणि गरम. ही शब्दशः तिथली नावं आहेत. थंड भाडं नुसत्या जागेचं. त्यात पाणी, कचरा आणि घर तापवण्याचा खर्च मिळवला की ते गरम होतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात थंड भाडं असतं, बँकेतून जातं ते गरम. अनामत रक्कम कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी घेता येते, आणि ती तीन समान हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क असतो. हा हक्क घरमालकाला बोलून दाखवायची हिंमत नवशिक्याला होत नाही. मलाही झाली नाही. पण तुम्ही दाखवा. त्या दोन हप्त्यांत अर्धा ओटा येतो.

शिवाय राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत सरकारी कचेरीत पत्ता नोंदवायचा. तो नोंदवला की थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं: घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट. टीव्ही नाही म्हणून कळवलंत तरी चालत नाही, वर्गणी घरावर असते. आईच्या यादीत हेही नव्हतं.

पायरी तिसरी: पाढे. आम्ही गेलो तेव्हा एक युरो म्हणजे साधारण अठ्ठ्याहत्तर रुपये. कुठलीही वस्तू हातात घेतली की नवशिक्याचे ओठ हलायला लागतात. वीस युरोचा दिवा, अठ्ठ्याहत्तर दुणे एकशे छप्पन, म्हणजे पंधराशे साठ! मेन रोडला तीन आले असते! दिवा परत खाली. असे आम्ही नऊ दिवस मोबाइलच्या उजेडात जेवलो. हा रोग पहिला पगार होईपर्यंत राहतो. त्यानंतर फक्त पगाराला गुणतात, तेही नातेवाईक.

पायरी चौथी: सेहेचाळीस किलो. विमान कंपनीप्रमाणे हा आकडा बदलतो. आमच्या तिकिटावर माणशी तेवीस किलोची एकेक बॅग होती, म्हणजे दोघांचा अख्खा संसार सेहेचाळीस किलोचा. आपल्याकडे लग्नात रुखवत मांडतात तो मुळात घर लावायचा सरावच असतो. मात्र रुखवतात वजनकाटा नसतो.

काय न्यायचं? भांडी बाजारात जाताना खिशात फ्रिजवरचं एक चुंबक ठेवा. भांड्याच्या बुडाला चिकटलं तर ते इंडक्शनवर चालेल, नाहीतर नाही. दुकानदार हसेल, हसू द्या. नुसता हिंडालियमचा कुकर कितीही जड आणि टिकाऊ असला तरी इंडक्शनला तो दिसतच नाही. लोखंडी तव्याला चुंबक चिकटतं, पण खोलगट तवा सपाट काचेच्या शेगडीवर बुडाच्या रुपयाएवढ्या भागात टेकतो, आणि पोळी मधे जळून कडेला कच्ची राहते. सपाट घ्या.

मिक्सर नेऊ का, असं सगळे विचारतात. जर्मनीत वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, फक्त पिन बदलते. नेता येतो. अमेरिकेला जाणाऱ्यांनी मात्र नेऊ नये, तिथे १२० व्होल्टवर तो नुसता कण्हतो. आणि “तिकडे जर्मन मिक्सर मिळेल की” असं कोणी म्हटलं तर त्यांना सुमीतची गोष्ट सांगा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत माथुर नावाचे एक इंजिनिअर होते, नोकरीला तेही सीमेन्स या जर्मन कंपनीतच. त्यांच्या बायकोचा ब्राउन कंपनीचा जर्मन मिक्सर आपल्या घरचं वाटण करता करता जळाला. तेव्हा आपल्या वाटणाला झेपेल अशी मोटर बसवून त्यांनी स्वतःच मिक्सर बनवला, त्याचं नाव सुमीत. ओल्या खोबऱ्याच्या चटणीपुढे जर्मन तंत्रज्ञानाने हात टेकले, हे आमच्या घरात अजून अभिमानाने सांगतात. मिक्सरचं वजन पाच किलोच्या आसपास भरतं. अभिमानाला तेवढं वजन असायचंच.

साजूक तूप नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. आईला हे पटणार नाही. “कोण बघतंय?” या प्रश्नाला उत्तर नाही, हातमोजे घातलेला कस्टमचा माणूस बघतोय.

आता सगळ्यात महत्त्वाची वस्तू. ती यादीत नसते आणि दीड किलोच्या वर भरत नाही: सतरंजी. आमच्या बॅगेत ती कप फुटू नयेत म्हणून गुंडाळलेली होती, हा निव्वळ योगायोग. पण पहिला दीड महिना आमचं डायनिंग टेबल, सोफा, पाहुण्यांचा पलंग आणि ऑफिस तीच होती. परदेशात लाकडी सामानावर जो खर्च होतो, तो मुळात जमिनीवरून उठण्याचा खर्च आहे. आपले आजोबा पाटावर जेवले, सतरंजीवर झोपले आणि घर भरलेलंच होतं. तेव्हा घाईने उठू नका. समोरच्या फ्लॅटमधल्या आजी ओळख करून घ्यायला आल्या, तेव्हा आम्ही शरमून उभे राहिलो. त्या बूट काढून सरळ सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या की त्यांचा योगाचा क्लास याहून गैरसोयीचा असतो.

पायरी पाचवी: रस्ता. नाशिकमध्ये जुनी खुर्ची काढायची तर भंगारवाला येतो, वजन करतो आणि वर पैसे देतो. तिकडे मोठा कचरा उचलायला महापालिकेला कळवून तारीख घ्यावी लागते, आणि आदल्या संध्याकाळी लोक सोफे, कपाटं, आरसे फुटपाथवर मांडतात. एरवीही दाराबाहेर खोके दिसतात, वर लिहिलेलं असतं: फुकट, घेऊन जा. लाजू नका. लाजणाऱ्याचा सोफा दुसरा नेतो.

फक्त घरी सांगताना शब्द जपा. व्हिडिओ कॉलवर बाबांना मागे सोफा दिसला.

“चांगला आहे रे. कुठून घेतलास?”

“रस्त्यावरून.”

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, नेट गेलं.

“आम्ही पैसे पाठवू का?”

सेकंडहँड म्हणावं. सेकंडहँडमध्ये व्यवहार असतो, घराण्याची अब्रू राहते.

पायरी सहावी: आपणच सुतार. आपल्याकडे सुतार घरी येतो, महिनाभर हॉलमध्ये रंधा मारतो, दिवसाला चार चहा घेतो आणि “उद्या पॉलिश” म्हणून पंधरा दिवस गायब होतो. बजेटमध्ये चहा-साखर धरावी लागते. तिकडे आयकिया आहे, १९७४ पासून आहे. त्यांचं बिली नावाचं पुस्तकांचं कपाट १९७९ मध्ये आलं आणि त्यानंतर बहुतेक प्रत्येक जर्मन घरात एकदा तरी वाकडं उभं राहिलं असावं. खोक्यात फळ्या, स्क्रू, शब्द नसलेली चित्रं आणि एक एलन की. सराव हवा असेल तर डिसेंबर २०२० पासून नवी मुंबईत तुर्भ्यालाही आयकिया आहे. घाट उतरून जा, एक स्टूल आणा आणि नवरा-बायकोने मिळून जोडा. त्या संध्याकाळनंतरही दोघांचा बेत कायम असेल तर तिकीट काढायला हरकत नाही.

रविवारी ड्रिल लावू नका. रविवारी दुकानंही बंद असतात, त्यामुळे शनिवारी एक स्क्रू कमी निघाला की कपाट सोमवारपर्यंत एका पायावर उभं. आणि एखाद्या सकाळी आपल्या दाराच्या मुठीला छोटी पाटी लटकलेली दिसली तर ते स्वागत समजून आत आणू नका. स्टुटगार्टकडची ही झाडलोटीची पाळी असते: या आठवड्यात जिना तुम्ही झाडायचा, मग पाटी शेजारच्या दाराला लावायची. आम्ही ती पाटी आठवडाभर शोकेसमध्ये ठेवली होती. बजेटमध्ये झाडू धरा, लांब दांड्याचा.

ओट्याचं सांगायचं राहिलं. सातव्या आठवड्यात गाव सोडून चाललेल्या एका जोडप्याचं जुनं स्वयंपाकघर नऊशे युरोला मिळालं. ते त्यांच्या भिंतीच्या मापाचं होतं, आमच्या नव्हे, त्यामुळे एक कपाट सहा वर्षं बेडरूममध्ये राहिलं आणि त्यात स्वेटर ठेवले.

गेल्या वर्षी, २०२५ च्या शरदात, आम्ही मोठ्या घरात गेलो. तिथे ओटा होता, आम्ही आधी तेच विचारलं होतं. जुन्या घरात यायला कोइम्बतूरचा एक मुलगा आला, लग्न नुकतंच झालेलं. त्याने खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते विचारलं. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हटलं, हे सगळं सातशे युरोला, शेगडीसकट. दिवे वेगळे.

तो ओट्याकडे बघत राहिला. त्याचे ओठ हलत होते. त्याला निदान शंभराने गुणायचं होतं.