तू बुधवार आहेस

परदेशात इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या प्रत्येक गावात असा एक मास्तर असतोच. बँकॉकला असतो, तैपेईला असतो. आमच्या वाट्याला हनोईतला आला. मूळचा साताऱ्याचा. भर रस्त्यात भेटला म्हणून आपण आनंदानं हाक मारावी, तर घड्याळाकडे बघत म्हणतो, "आज शुक्रवार ना? तू बुधवार आहेस." आणि चालू पडतो.

मी बुधवार आहे. सकाळी होअन किएम तलावाकाठी 'दा काऊ'. म्हणजे पिसांचं फूल पायानं उडवत ठेवायचं, खाली पडू द्यायचं नाही. सत्तरीचे आजोबा ते टाचेनं मागच्या मागे झेलतात. माझं फूल बहुतेक वेळ तलावाच्या दिशेनं जातं. एकदा मी भीत भीत विचारलं, "गुरुवारी येऊ का? बिया होईला?" त्याच दिवशी काढलेली ती हलकी बिअर प्यायला फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर गुडघे कानाशी घेऊन बसायचं, हे मला झेपण्यासारखं होतं. मास्तर गंभीर झाला. "गुरुवार भरलाय. वेटिंगवर टाकतो."

पूर्वी पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. यानं माणसांचे वार लावलेत. त्याला कारणही आहे. इथले इंग्रजीचे क्लास भरतात ते शाळा-कचेऱ्या सुटल्यावर. म्हणजे रोज संध्याकाळी, आणि शनिवार-रविवारी तर सकाळपासून रात्रीपर्यंत. 2016 पासून शनिवार-रविवारी होअन किएमभोवतालचे रस्ते गाड्यांना बंद असतात. सगळं हनोई पोराबाळांसकट तिथं फिरत असतं, तेव्हा मास्तर चौथ्या मजल्यावर सहा वर्षांच्या पोरांपुढे माकड होऊन 'मंकी' शिकवत असतो. त्याचा रविवार उजाडतो सोमवारी, आणि सोमवारी गाव कामाला लागलेलं. एकटं पडायचं नसेल, तर दुसऱ्या रिकाम्या माणसाला आधीच गाठून ठेवावं लागतं.

म्हणून सोमवारी रात्री पबातली क्विझ. दक्षिण आफ्रिकेची बाई रग्बीला, आयरिश पोरगा गाण्यांना, फिलिपिनो सर सिनेमाला आणि मास्तर 'बाकीचं सगळं' या विषयाला. मंगळवारी एग कॉफी पीत भाषेची देवाणघेवाण. व्हिएतनामीचे सहा सूर असतात. मास्तरला दोन येतात, आत्मविश्वास मात्र सहाही सुरांत. त्याचा स्वतःचा वाढदिवस शनिवारी आला तो त्यानं सोमवारी केला, आणि आम्हा इतर वारांना फक्त फोटो पाठवले.

आईलासुद्धा वार लावलाय! रविवारी दोन क्लासच्या मधे, हनोईत पावणेदोन, म्हणजे साताऱ्यात सव्वाबारा. त्या वेळेला माऊली फोन हातात धरून बसते. एरवी केला तर हा विचारतो, "काही झालंय का?"

एकदा मी तापानं फणफणलो होतो. त्याला कळवलं, तर उत्तर आलं, "बुधवारपर्यंत बरा होशील ना?" मनातल्या मनात त्याच्या सातही वारांचा उद्धार केला. संध्याकाळी दार वाजलं. मास्तर, हातात मुगाच्या खिचडीचा डबा. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातूनच मागे सरकला. "बसत नाही. आज शुक्रवार."

इथं करार वर्षाचे असतात. वर्ष संपलं की माणूस सोलला नाहीतर तैवानला जातो, अन् मास्तर कुणाचं नावही न घेता सांगतो, "सोमवार चालला रे." निरोपाची पार्टी अर्थात सोमवारीच. मग नवी भरती आली की हा नव्या पोराला देश विचारत नाही, पगार विचारत नाही. विचारतो, "मंगळवारी मोकळा आहेस?" खेळ झाल्यावर बर्फाचा चहा पीत आम्ही बुधवारवाले त्याच्या नकला करतो, माझी जरा जास्तच जमते. आम्हाला एकमेकांच्या शेजारी बसवलं तेही त्यानंच, ही बाब त्या गप्पांत निघत नाही. तो तापानं पडला तर डबा कुठला वार नेईल, हेही आमच्यात ठरलेलं नाही.

यंदा तेतच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सुट्टीत, सगळं हनोई बंद असताना, मास्तर साताऱ्याला गेला. आणि चक्क शनिवारी त्याचा मला फोन!

"अरे, इथं सगळे रोजच असतात."

"मग बरंय की!"

"काय बरंय? सकाळी बोललो तेच संध्याकाळी कसं बोलणार?"

पुढच्या आठवड्यात कळलं की, समोरच्या निवृत्त काकांना त्यानं गुरुवारी कॅरमला बांधून घेतलंय. काका बाकीचे सहा दिवसही मोकळेच असतात, पण त्यांना ते सांगायची सोय नाही. आईनं मात्र रविवारचा सव्वाबाराचा फोन सोडलेला नाही. खालून स्वयंपाकघरातून माडीवर करते. म्हणते, फोनवर तू बरा बोलतोस.