लाल म्हणजे नेमका कुठला लाल?

"ऐकलंस का वं ताई? मास्तरांकडे बाप-लेकाचा अबोला आहे म्हणे."

आक्का भिंतीपलीकडे खाटेवरच्या मिरच्या उलथत होत्या. नंदुरबारात या दिवसांत मिरचीचा खकाणा आणि गल्लीतली बातमी एकाच वाऱ्याने येतात. मी धुणं बादलीतच ठेवलं.

"अबोला कशावरून?"

"रंगावरून."

"घराला रंग काढलाय का त्यांनी?"

"घराला कुठला! एसटीला. पोरानं फोमशीटची बस केलीय, हातभर लांब. दार उघडतं, वायपर आहे, मागं टपावर चढायची शिडी आहे. चोवीसपट लहान म्हणे, खऱ्या गाडीचं माप घेऊन. सगळं झकास. मग रंग दिला, आणि मास्तर म्हणाले, ही एसटी नाही, बंबाची गाडी दिसते. पोरगं जे रुसलं ते जेवायलाच आलं नाही."

"मास्तरांचं तोंडही तसंच आहे."

"तोंड तसंच आहे, पण डोळा बरोबर आहे. आमच्या ह्यांना बोलावलं ना निवाड्याला."

आक्कांचे हे धुळ्याला एसटीच्या विभागीय कार्यशाळेत रंगकामाला होते. निवृत्तीनंतर कुणी रंगाचं विचारलं की चहा थंड होईपर्यंत बोलतात.

"ह्यांनी आधी काय विचारावं? गाडी कोणत्या सालची. पोरगं म्हणे, एसटी म्हणजे लाल, त्यात साल कशाला? हे म्हणाले, बाळा, १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली ती बेडफर्ड होती, अंग निळं आणि टप चंदेरी. म्हणजे निळी एसटी केलीस तरी ती खोटी नाही."

"व माय! निळी?"

"निळी. आणि दिल्लीच्या एशियाडवरून नाव पडलेली ती एशियाड? ती हिरवी-पांढरी. तेव्हा एसटी म्हटल्यावर डोळे मिटून लाल डबा उचलायचा नाही. आधी गाडी ठरवायची, तिचा फोटो काढायचा, मग दुकानात जायचं."

"मग त्यानं कोणती केलीय?"

"तेच तर! पाटीवर घातलंय एमएच १४ बीटी, म्हणजे दापोडीच्या कार्यशाळेची गाडी. रंग बघितलाय चिकलठाण्याच्या एमएच २० बीएलच्या फोटोत. आणि बोर्ड लावलाय अक्कलकुवा–मोलगीचा. ह्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, पाटी एका गाडीची, रंग दुसरीचा, बोर्ड तिसरीचा. ही बस कुणाच्याच आगारात जमा व्हायची नाही."

मी हसले. पण माझ्या मनात आलं, चूक पोराची कमी, दुकानाची जास्त. आपण हार्डवेअरवाल्याला नुसतं 'लाल द्या' म्हणतो. तो कार्ड उघडतो तर एकाखाली एक लाल: सिग्नल रेड, पी. ओ. रेड आणि आणखी काय काय. ही नावं कंपनीची हौस नाहीत. भारतीय मानकांच्या आयएस ५ या रंगयादीत त्यांना क्रमांक आहेत, सिग्नल रेड ५३७ आणि पोस्ट ऑफिस रेड ५३८. एका आकड्याचा फरक, पण एक टपालपेटी आणि दुसरा धोक्याचा बावटा. आक्कांना हे सांगितलं तर त्यांनी खाटेवरच्या दोन मिरच्या उचलून माझ्यासमोर धरल्या. एक कालची, एक पंधरवड्याची.

"सांग, यातली लाल कुठली? दोन्ही. पण एकीच्या ढिगात दुसरी टाकली तर व्यापारी लगेच बाजूला काढतो. कार्यशाळेतून निघालेली गाडी आणि चार उन्हाळे खाल्लेली गाडी यांचं तसंच आहे."

"म्हणजे पोरानं खऱ्या गाडीचाच डबा आणायला हवा होता?"

"आणला होता वं! तिथंच तर गंमत. खऱ्या गाडीचा रंग जसाच्या तसा छोट्या गाडीला दिला की ती काळपट दिसते. ह्यांनी पोराला अंगणात उभं केलं. म्हणाले, ही बस तू अर्ध्या मीटरवरून बघतोस. चोवीसपट लहान म्हणजे तेच खरी गाडी बारा मीटरवरून बघितल्यासारखं झालं. आता स्टँडवर बारा मीटरवर उभा राहा आणि बघ. मधल्या हवेनं, उजेडानं रंग थोडा फिका पडलेला असतो. तो फिकेपणा तुलाच डब्यात घालायचा आहे."

"पांढरा मिसळून?"

"इथंच तर सगळे फसतात. निळ्यात, हिरव्यात, राखाडीत पांढरा चालतो. लालात पांढरा टाकला की गुलाबी होतो, बस राहते बाजूला आणि बर्फीचा डबा तयार होतो. लालाला किंचित नारिंगी द्यायचा. चमचाभर लालात थेंब टाकायचा, पुठ्ठ्यावर फासायचा, सुकू द्यायचा. ओला रंग बघून ठरवायचं नाही. आणि ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही. दारात, सकाळच्या उजेडात."

"आणि तो मात्र रात्री अभ्यास झाल्यावर रंगवत बसला असेल."

"रात्रीच! शिवाय खाली करडा प्रायमर मारलेला. लाल रंग अंगानं पातळ, खालचा करडा वर येतो आणि विटकरी दिसायला लागतो. मग झाकायला एकावर एक हात दिले, तर खिडक्यांच्या कडा भरून गेल्या, रिव्हेट बुजले. लालाखाली, पिवळ्याखाली पांढराच हवा. आणि वरचा चकचकीतपणा? बांगडीसारखा चमकला की खेळणं दिसतं. अर्धी चमक पुरे."

आता माझी पाळी होती. माझा भाचा नाशिकला असतो, त्याची गोष्ट सांगायची संधी मी कशी सोडीन? ओझरच्या एचएएलच्या कारखान्यात मिग-२१ बनायची, त्यामुळे तिकडच्या पोरांना विमानांचं वेड. त्यानं मिगचं प्लास्टिकचं किट मागवलं. खोक्यावर परदेशी कंपनीचे रंगक्रमांक. तेवढ्या छोट्या बाटल्यांचे पैसे ऐकून भावजय म्हणाली, गॅरेजवाल्याकडून मागून आण. त्यानं आणला गाड्यांचा एनसी रंग, थिनर घालून. प्लास्टिक पॉलिस्टायरीनचं. पंखाची बारीक नक्षी विरघळून गेली.

"आई गं!"

"दुसरं किट आणलं तेव्हा साधा इनॅमल घेतला. मग पुढचा घोळ, विमान कुठल्या काळातलं? १९६३ ला हवाई दलात आली तेव्हाची मिग उघड्या धातूच्या रंगाची. १९७१ च्या युद्धात घाईघाईनं हिरवे-मातकट पट्टे मारलेले. शेवटची बायसन नावाची मिग राखाडी. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला ना, टीव्हीवर बघितलं असेल. भाच्यानं धातूचा रंग दिला आणि खाली लावलं बायसनचं क्षेपणास्त्र."

"म्हणजे मास्तरांच्या पोराचाच भाऊ."

"पण बिचाऱ्याचं एक बरोबर होतं आक्का. शेपटीवरच्या झेंड्यातला केशरी त्यानं डब्यातला भडक न घेता स्वतः मिसळला होता. छोट्या झेंड्याला भडक केशरी दिला की सगळं विमान सोडून डोळा तिथंच जातो."

आक्कांनी मान डोलावली. विमान त्यांना कळत नाही, पण डोळा कुठं जातो हे कळतं. चाळीस वर्षं रंगकाम करणाऱ्या माणसाच्या घरात राहून तेवढं येतंच.

"मग निवाडा काय झाला शेवटी?"

"ह्यांनी दोघांनाही झापलं. मास्तरांना म्हणाले, बंबाची गाडी म्हणण्याआधी कुठला लाल हवा ते सांगायचं. पोराला म्हणाले, पॉलिश पेपरनं घास, पाटी बदल, मग पांढरा, मग लाल. पातळ हात, मध्ये पूर्ण सुकू दे. थंडी आहे, हवा कोरडी आहे, रंगाला हेच दिवस चांगले. पावसाळ्यात हेच काम केलंस तर वरचा वॉर्निश पांढुरका पडेल."

"झालं तर मग. मिटलं."

"कुठलं मिटतंय! काल पोरगं नवीन रंगाची गाडी घेऊन आलं. सुंदर. बोर्ड अक्कलकुवा–मोलगीचाच ठेवलाय. मी म्हटलं, बाळा, देवगोईच्या घाटातून आलेली गाडी अशी नवरीसारखी कशी? मागच्या चाकांमागं धूळ हवी, मागच्या पत्र्यावर जास्त. काळी नाही, मातकट. काचेवर वायपर फिरतो तेवढीच कमान स्वच्छ. त्याला पटलं. लगेच ब्रश घेऊन बसला."

"बरं झालं की."

"पण मी आणखी एक सांगितलं. म्हटलं, घाटातली गाडी आणि खिडक्यांखाली एकही ओघळ नाही, हे मला पटत नाही. पोरगं खो खो हसलं आणि दोन खिडक्यांखाली पिवळसर ओघळ काढलेसुद्धा."

"मग?"

"मग काय! मास्तर आता माझ्याशी बोलत नाहीत."