खुर्चीचा एच-इंडेक्स

हृदयरोगाच्या सरांचा सत्कार असला की हल्ली परिचयात पदव्यांच्या मागोमाग आकडे येतात. एमबीबीएस, एमडी, डीएम इथपर्यंत सभागृह थंड असतं. ही अक्षरं आता नाक्यानाक्यावरच्या पाट्यांवर असतात. मग निवेदिका आवाज चढवते. शोधनिबंध चारशेच्या वर, सायटेशन्स अमुक हजार आणि (इथे ती कागद डोळ्यांजवळ नेते) एच-इंडेक्स साठ! टाळ्या. पहिल्या रांगेतले माजी नगरसेवक सगळ्यांत जोरात वाजवतात. साठ म्हणजे नाडीचे ठोके, असं धरून चाललेले मागच्या रांगेतले एक पेन्शनर समाधानाने मान हलवतात : या वयात साठ, वा!

सर व्यासपीठावर नम्र. मान खाली, शाल एका खांद्यावरून घसरलेली, चेहऱ्यावर ‘अहो, कशाला ते आकडे’ असा भाव. परिचय त्यांनीच लिहून पाठवलेला असतो. निवेदिकेने सायटेशन्सच्या हजारांवरचे सत्तावन्न गाळले, तर चहाच्या वेळी ते तिला आठवणीने सांगतातही.

तर हा एच. २००५ साली तो भौतिकशास्त्रातून निघाला आणि बघता बघता वैद्यकात मुक्कामाला आला. ज्याचे साठ निबंध असे आहेत की त्यांतल्या प्रत्येकाचा हवाला निदान साठ वेळा कुणीतरी दिलाय, त्याचा एच साठ. कुणीतरी म्हणजे कुणीही, स्वतः सरसुद्धा. सर नव्या निबंधात आपल्याच जुन्या निबंधांचे हवाले देतात, जुने निबंध बाळसं धरतात, एच एका घराने पुढे सरकतो. या आकड्याची खरी गंमत अशी की तो सहसा उतरत नाही. रक्तदाब उतरतो, साखर उतरते, सोनंसुद्धा एखाद्या दिवशी उतरतं. एच नाही. सरांनी लेखणी खाली ठेवली तरी नाही, निवृत्ती घेतली तरी नाही. सर देवाघरी गेले तरी तो वर जाऊ शकतो. पिंडाला कावळा शिवो न शिवो, पेपरला सायटेशन शिवत राहतं.

त्यातही हृदयरोगात हवाल्यांना तोटा नाही. या शाखेतले कितीतरी निबंध एकाच वाक्याने सुरू होतात : हृदयविकार हे जगातल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण आहे. वाक्य खरंच आहे. २०१९ साली जगात सुमारे १ कोटी ७९ लाख माणसं हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी गेली. पण निबंधात ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ असं लिहिलं तरी मागे हवाला द्यावा लागतो. त्यामुळे ज्याचा निबंध त्या पहिल्या वाक्याच्या शेपटीला एकदा बांधला गेला, त्याची जन्माची सोय झाली. पुढचं कुणी वाचलं का? विचारू नये.

माझी नजर मात्र त्या साठावर नव्हतीच. अशा सत्काराला एक स्मरणिका निघते आणि तिच्यात औषध कंपन्यांच्या शुभेच्छांच्या मधोमध सरांच्या वर्षवार निबंधांचा एक आलेख असतो. वर्षाला एखाददुसरा निबंध, एखाददुसरा निबंध, असा तो बरीच वर्षं जमिनीलगत सरपटतो आणि मग एका वर्षी अचानक सरळ उभा राहतो. ते वर्ष कोणतं? विभागप्रमुखपदाचा आदेश निघाला ते.

हे आपल्याकडचंच कौतुक आहे असं समजून उगाच फुगू नका. जगभरच्या अतिलेखकांची एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. २००० ते २०१६ या काळात एखाद्या वर्षात ७२हून जास्त निबंध, म्हणजे दर पाच दिवसांनी एक, प्रसवणारी मंडळी तिने शोधून काढली. त्यात हृदयरोगवाल्यांची तऱ्हा वेगळीच निघाली. प्राध्यापकपद आणि विभागाची खुर्ची मिळाली की त्यांचं लेखन वाढतं. ३५ ते ४२ या वयात ते वर्षाला सरासरी जेवढं लिहीत होते, त्याच्या १० ते ८० पट निबंध काहींनी आपल्या ऐन बहराच्या एका वर्षात काढले. आणि खुर्ची वारसदाराकडे गेली की पुष्कळदा आकडा धाडकन खाली. म्हणजे बघा, रात्रभर जागायची ताकद होती, डोळ्यांवर चष्मा नव्हता, तेव्हा या लोकांना लिहायला सुचत नव्हतं. मग ओपीडी, राउंड, कॅथलॅब, खरेदी समिती, विद्यापीठाच्या परीक्षा, मंत्र्यांच्या मेहुण्याची अँजिओग्राफी हे सगळं अंगावर आलं आणि त्यांना एकदम लिहायला फुरसत झाली!

तेव्हा लिहितं कोण, हा प्रश्न माझ्यापुरता मिटला. खुर्ची लिहिते. सरकारी महाविद्यालयातली विभागप्रमुखाची खुर्ची आपण सगळ्यांनी पाहिली आहे. फिरती, काळ्या रेक्झिनची, पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल, पायावर भांडार विभागाने पांढऱ्या रंगात घातलेला क्रमांक. तिची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असते, आणि डेड स्टॉकमधली ही वस्तू दर पाच दिवसांनी हृदयाच्या आजारांवर मूलभूत संशोधन करते. तिचं एक चाक निखळलेलं आहे. ते बदलावं म्हणून तीन कोटेशन्ससह अर्ज गेलाय, तो बांधकाम विभागाकडे की भांडाराकडे यावर टिपणी चालू आहे. पण तिची लेखनसमाधी भंगलेली नाही. सर परिषदेला परदेशी गेले तरी खुर्ची लिहिते. सर रजेवर असले तरी लिहिते. मला तर संशय आहे की कल्पना खुर्चीच्या असतात आणि संख्याशास्त्राची बाजू टॉवेल सांभाळतो. ‘पी’ची किंमत ०.०५च्या खाली आली की तो धुवायला टाकतात. असं असताना सत्कार होतो सरांचा, हा खुर्चीवर उघड अन्याय आहे. शाल खरं तर तिच्याच पाठीवर घालायची, टॉवेल थोडा बाजूला सरकवून. श्रीफळ बैठकीवर. मानपत्र वाचताना ती फिरत राहणार नाही एवढी काळजी एका शिपायाने घ्यावी. आणि खुर्चीची मुदत संपून तिचं निर्लेखन झालं, म्हणजे ती परंपरेप्रमाणे लिलावात भंगारवाल्याकडे गेली, की त्या भंगारवाल्याचा एच एका रात्रीत साठ होईल. विद्यापीठाने त्याला मानद प्राध्यापक करायला हरकत नसावी. निदान कशाचं वजन किती, हे तो काट्यावर टाकून सांगतो.

शंकेखोर वाचक विचारतील, खुर्चीचं नाव निबंधावर कुठे असतं? असतं ना, सर्वांत शेवटी. वैद्यकात पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं मानाचं. मधला मजकूर लग्नपत्रिकेसारखा : समस्त काका, आत्या, मामा आणि ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी चिल्लीपिल्ली. त्यात एक भूलतज्ज्ञ असतात, कारण मागच्या खेपेला त्यांनी आपल्या निबंधात यांना घेतलं होतं. एक बायोकेमिस्ट्रीचे असतात, ज्यांची बढती अडलीय. एक नाव कुणाचं ते कुणालाच माहीत नसतं, पण खोडायचं धाडस होत नाही. मोठ्या चाचण्यांच्या निबंधांवर शेकडो नावं असतात, तिथे शेकडो केंद्रांत खरंच काम झालेलं असतं. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्या सहा पानी निबंधाबद्दल आहे ज्याला अकरा लेखक आहेत आणि ज्यातलं स्पेलिंग अकरांपैकी एकानेही तपासलेलं नाही.

आणि विषय तरी किती लागतात? एक नोंदवही पुरते. हृदयविकाराचा झटका येऊन दाखल झालेल्या हजारभर रुग्णांची नोंद करायची. मग पहिला निबंध सगळ्यांवर. दुसरा फक्त बायकांवर. तिसरा मधुमेह्यांवर, चौथा तंबाखूवाल्यांवर, पाचवा चाळिशीच्या आतल्यांवर. सहावा तंबाखू खाणाऱ्या, चाळिशीच्या आतल्या मधुमेह्यांवर. ते नऊच निघाले म्हणून ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ असा निष्कर्ष. सातव्या निबंधात पहिल्या सहांचे हवाले.

वास्तविक हृदयरोगतज्ज्ञाला तरी हे कळायला हवं. आकार वाढला म्हणजे ताकद वाढली असं नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? कित्येकदा एक्स-रेत मोठं दिसणारं हृदय हे थकलेलं, ताणून सैल पडलेलं हृदय असतं. म्हणून तर इको करून इजेक्शन फ्रॅक्शन काढतात : डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला बाहेर किती पडलं. निरोगी माणसात ते साधारण ५५ टक्क्यांच्या वर असतं, ४०च्या खाली गेलं की डॉक्टर नातेवाइकांना केबिनमध्ये बोलावतात. तशी चारशे निबंधांची एकदा इको काढा. वाचकापर्यंत किती पोचलं? वॉर्डातल्या खाटेपर्यंत किती पोचलं? मग बोलवा नातेवाइकांना.

खाटेवरून आठवलं. निबंधात रुग्णांची संख्या ‘एन’ या अक्षराने लिहितात. एच सरांचा, एन आपण. हा एन तालुक्याच्या गावात राहतो. पहाटे छातीत कळ येते, तो ओवा खातो, मग सोडा पितो, मग शेजाऱ्याची जीप शोधतो. २००८ साली देशातल्या वीस हजारांवर रुग्णांची एक नोंद प्रसिद्ध झाली; तिच्यात कळ सुटल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यम वेळ ३६० मिनिटं होता. सहा तास! दारातून आत आल्यावर ९० मिनिटांत बंद रक्तवाहिनीत फुगा फुगला पाहिजे, असं याच शाखेने घड्याळ लावून ठरवलंय. दाराच्या अलीकडे सहा तास जळून गेले त्याचं काय? त्याच नोंदीत आणखी एक आकडा होता. महिन्याभरात दगावणारे गरिबांत ८.२ टक्के, श्रीमंतांत ५.५ टक्के. आणि मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला की ही तफावत उरतच नव्हती. म्हणजे गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं, त्याच्या वाट्याला आलेले उपचार वेगळे होते. हा खरा निबंध. लिहिणाऱ्यांनी घाम गाळून लिहिला. त्याचं पुढे आपण काय केलं? हवाला दिला. सरांनी दिला, सरांच्या विद्यार्थ्यांनी दिला, पहिल्या परिच्छेदात, तिसऱ्या ओळीत, चौकटी कंसात आकडा घालून. हवाला दिला की कर्तव्य संपलं. एवढे हवाले देणाऱ्यांनी एकेक ईसीजी मशीन दिलं असतं, तर आज आरोग्य केंद्रात कर्मचारी ‘रोल संपलाय’ असं तरी म्हणू शकला असता. आत्ता तो ‘मशीन नाही’ म्हणतो.

त्या एनकडून संमतीपत्रावर सही घेतात. चार पानं मराठी, कोर्टाच्या समन्सपेक्षा अवघड. न वाचता तो सही करतो, कारण समोर पांढरा कोट आहे आणि छातीवर वायरी आहेत. नंतर तीन महिन्यांनी तपासणीला बोलावतात. येण्याजाण्याचं एसटीभाडं त्याचं, बुडालेली मजुरी त्याची, इकोची तारीख दीड महिन्यानंतरची. दुसऱ्या खेपेला तो येत नाही. निबंधात त्याची नोंद होते : इतके टक्के रुग्ण पुन्हा आले नाहीत, ही या अभ्यासाची मर्यादा. अहो, मर्यादा कुणाची? अभ्यासाची की लाज कोळून प्यायलेल्या व्यवस्थेची? त्याला एक फोन लावायला किती पैसे पडतात? छापणावळ म्हणून परदेशी नियतकालिकाला भरता त्यात आख्ख्या एनला दोनदा गावाहून आणून, जेवू घालून, परत पोचवता आलं असतं! आणि निकाल काय लागला हे त्याला सांगायचं, तर तो निबंध इंग्रजीत, पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. ज्याच्या छातीतून तो निघाला, त्यालाच तो वाचायला बंदी.

असो. रक्तदाब वाढतो, आणि तो हल्ली कुणी मोजत नाही.

सुधारणा अगदीच नाहीत असं नाही. पुष्कळ नियतकालिकं आता प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं तेही लिहून मागतात. त्यासाठी चौदा कामांची एक ठरीव यादी आहे : कल्पना, कार्यपद्धती, माहितीची मशागत, पहिला खर्डा वगैरे. चौदा विद्याच म्हणा. परवा एका विभागात रात्री अडीच वाजता सेकंड इयरची रेसिडेंट ही यादी भरत बसली होती. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात थंड झालेला समोसा, शेजारच्या खाटेवर मॉनिटर टुकटुकतोय. तेरा रकान्यांत तिचंच नाव गेलं होतं. सरांच्या नावापुढे काय लिहावं, ते तिला सुचेना.

“मॅडम, सरांचं काय लिहू?”

लेक्चरर मॅडम मुरलेल्या. त्यांनी यादीवर बोट फिरवलं. “हे बघ, ‘साधनसामग्री’. खुर्ची त्यांचीच होती की नाही?”

“आणि टॉवेल?”

“तो खाली टाक, हितसंबंधांच्या खुलाशात. कंपनीने दिलाय.”