भडकायला शिका : इयत्ता पहिली

देऊळगाव राजात नव्याने राहायला आलेल्यांसाठी, आणि इथेच जन्मून अजून कोणाच्याच बाजूला नसलेल्या चार-दोन बिचाऱ्यांसाठी ही पुस्तिका आहे. टपरीवर अर्धा चहा घेऊन नुसतं ऐकत बसणाऱ्याला इथे आजारी समजतात. "काहून भाऊ, बोलून नाही राहिले?" असं कोणी विचारलं की समजावं, शिकवणी लावायची वेळ झाली.

साहित्य फार लागत नाही. एक मोबाइल, गळ्यात टाकायला एक दुपट्टा आणि सकाळचा तासभर. मत लागत नाही. नवशिके नेमके इथेच फसतात. आधी जाहीरनामे वाचतो, मग बाजू ठरवतो म्हणतात. असा माणूस गुलाल उधळून झाला तरी वाचतच बसलेला असतो.

तेव्हा आधी गट धरा, कोणताही धरा. हे मी मनाचं सांगत नाही. हेन्री ताइफेल नावाचा पोलंडचा ज्यू मानसशास्त्रज्ञ होऊन गेला. दुसऱ्या महायुद्धात तो फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या हाती सापडला, कैदेत कसाबसा वाचला, आणि परतला तेव्हा घरचं जवळपास कोणी उरलं नव्हतं. पहारेकऱ्याशी कितीही जमलं तरी आपण कोणत्या गटाचे हे उघड झालं की सगळं संपतं, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पुढे ब्रिस्टलला त्याने चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी पोरांवर प्रयोग केले आणि १९७० साली ते छापून आले. पोरांना क्ले आणि कांडिन्स्की या दोन चित्रकारांची चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुमच्या आवडीवरून तुमचे गट पाडलेत. खरं तर चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. मग प्रत्येकाला दुसऱ्यांत पैसे वाटायला दिले. कागदावर जोड्या होत्या : आपल्या गटाच्या पोराला १९ आणि त्यांच्याला २५, दोघांना १३-१३, आपल्या पोराला ७ आणि त्यांच्याला १, आणि यांच्या अधल्यामधल्या. हिशेबी माणूस १९ वर बोट ठेवेल. या पोरांचा कल १२-११ कडे होता. म्हणजे आपल्या पोराचे सात गेले तरी चालतील, पण त्यांच्याला आपल्यापेक्षा एक तरी कमी मिळाला पाहिजे.

मला हे वाचताना शेताचा बांध आठवला. वीतभर जागेसाठी एकराचे पैसे कोर्टात घालवून हसतमुखाने घरी येणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना क्ले माहीत नव्हता, एवढंच.

ताइफेलला शाळेची परवानगी काढावी लागली असेल. महाराष्ट्राने तोच प्रयोग घरबसल्या करून दिला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. काल एकाच सतरंजीवर बसून एकाच ताटातला चिवडा खाणारे सकाळी उठून पाहतात तर एक मशालवाला, दुसरा धनुष्यबाणवाला. भिंतीवरचा फोटो तोच, घोषणा बहुतेक त्याच. तरी दोन दिवसांत एकमेकांचं तोंड पाहवेना. भांडायला मतभेद लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी हे दोन दिवस आठवावेत.

आमच्या सिंदखेडराजा मतदारसंघात तर पेपर आणखी अवघड निघाला. २०२४ च्या ऑक्टोबरात राजेंद्र शिंगणे घड्याळ सोडून तुतारीकडे गेले. समोर महायुतीचेच दोघे उभे : घड्याळावर मनोज कायंदे, धनुष्यबाणावर शशिकांत खेडेकर. मुंबईत एका मंचावर, इथे समोरासमोर. शेवटी कायंदे निवडून आले. पण नवशिक्याने त्या निवडणुकीत चिडायचं कोणावर? नियम सोपा आहे. राग पुसायचा नाही, त्याच्यावरचा पत्ता तेवढा खोडायचा. एकाच्या मोटारसायकलच्या डिकीत तेव्हा दोन रंगांचे दोन दुपट्टे मी पाहिले. दोन्हींची घडी अगदी एकसारखी होती. मी बघतोय हे कळल्यावर तो म्हणाला, "पावसाचं काही सांगता येते का?" नोव्हेंबर होता.

यानंतरचा धडा थोडा मेहनतीचा आहे : आपलं दुखणं घरी ठेवून यायला शिका. एलियट स्मिथ आणि डायान मॅकी हे अमेरिकेतले अभ्यासक १९९० च्या दशकापासून सांगत आलेत की भावना जशा एकट्या माणसाच्या असतात तशाच त्याच्यातल्या गटवाल्याच्याही असतात. एकाच माणसाला 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारा, मग देशाचा नागरिक म्हणून विचारा, मग पक्षाचा म्हणून विचारा. तीन वेगळी माणसं उत्तर देतात. हे घरच्या घरी करून पाहता येईल. सोयाबीनची ट्रॉली घेऊन बाजार समितीत जा. २०२४ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजार त्याच्या खाली. ओलाव्याचं कारण सांगून आणखी काही कापलं. या घडीला माणूस म्हणून तुम्ही थकलेले आहात, पोरीच्या फीचा हिशेब डोक्यात आहे, थोडी भीतीही आहे. आता ट्रॉलीच्या सावलीत बसून मोबाइल उघडा. तुमच्या साहेबांना कुठल्याशा चॅनेलवर कोणीतरी काहीतरी बोललं आहे. बघा, कणा ताठ झाला की नाही! तुमचे पैसे गेल्याचा राग तुम्हाला एकट्याला पेलायचा होता, हा राग पेलायला पाचशे जण ऑनलाइन आहेत.

मॅकी आणि मंडळींनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपला गट जोरात आहे असं वाटलं की राग वाढतो आणि अंगावर जावंसं वाटतं. सभेचे फोटो ड्रोनने का काढतात, ते आता ध्यानात येईल. जमिनीवरून काढले तर खुर्च्या दिसतात.

मोबाइलवर काय लिहावं याचंही शास्त्र आहे. २०१७ साली विल्यम ब्रॅडी, जे व्हॅन बाव्हेल आणि सहकाऱ्यांनी पाच लाखांवर ट्विट तपासले. नीतीचा दंश आणि भावनेचा तडका दोन्ही असलेला एक एक शब्द वाढला की पोस्ट पुढे ढकलली जाण्याचं प्रमाण साधारण वीस टक्क्यांनी वाढतं, आणि ती ढकलली जाते ती मुख्यतः आपल्याच लोकांत. 'गद्दार' हा या जातीचा शब्द. 'पाणीपुरवठा' नाही. खडकपूर्णा धरण तालुक्यात असताना नळ कितव्या दिवशी येतो, अशी पोस्ट मी एकदा टाकली होती. तीन अंगठे आले. त्यातला एक प्लंबरचा होता.

निकालाच्या दिवशी सर्वनामं जपून वापरा. जिंकलो तर 'आपण', हरलो तर 'त्यांनी तिकीटच चुकीचं दिलं'. रॉबर्ट चाल्डिनीने १९७६ मध्ये अमेरिकेच्या विद्यापीठांत हेच टिपलं होतं : फुटबॉलचा सामना जिंकला की सोमवारी विद्यापीठाचं नाव छापलेले कपडे जास्त अंगावर दिसतात. आपल्याकडे सोमवारपर्यंत कोणी थांबत नाही.

लग्नाच्या बाबतीत मात्र परदेशी पुस्तकांवर विसंबू नका. तिकडे पोरीने विरुद्ध पक्षाचा नवरा केला तर तुम्हाला चालेल का, असं विचारून द्वेष मोजतात. इथे सोयरीक जुळवताना पक्ष कोणी विचारत नाही. त्याच्या आधीच्या प्रश्नांतच चाळणी लागून गेलेली असते. पत्रिकेवर मात्र चारही पक्षांचे साहेब 'प्रमुख उपस्थिती'त येतात, आणि कोणाचं नाव वर यावरून छापखान्यात दोन फेऱ्या होतात.

२०२३ मध्ये जालन्याच्या बाजूने आरक्षणाचं जे वारं आलं, तो विषय या पुस्तिकेत घेतलेला नाही. तो वरच्या इयत्तेचा आहे, आणि त्यात शेजार कायमचे तुटतात. चप्पल हातात घेणंही पुढचंच. परंपरा म्हणून एवढं माहीत असू द्या की १९०७ च्या डिसेंबरात सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात मराठी बनावटीचा एक जोडा मंचाकडे भिरकावला गेला आणि तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. जहाल-मवाळ तिथेच फुटले.

एक खबरदारी राहिली. आश्विनात बालाजीच्या यात्रेला सराव बंद ठेवा, शिकलेलं बिघडतं. १९५४ साली ओक्लाहोमात मुझफ्फर शेरीफने बावीस पोरांचे दोन गट करून त्यांना असंच व्यवस्थित भडकवलं होतं. मग खायचं सामान आणणारा ट्रक बंद पडला, म्हणजे शेरीफनेच पाडला. पोरांनी रस्सीखेचीचा दोर आणला, ट्रकला बांधला आणि सगळे एकाच बाजूने ओढायला लागले.

आमच्याकडे यात्रेत लाटा मंडप असतो. लांबलचक सागवानी लाटा, म्हणजे खांब, दोरांनी बांधून, माणसांची फौज लावून उभ्या करतात. त्या वेळी दोराला कोण कुठे उभं हे बघायला सवड नसते, हाताची सालटं निघतात. मागच्या वेळी डिकीवाला माझ्या पुढे होता आणि त्याच्यापुढे तो माणूस, ज्याचा नंबर त्याने वर्षभर ब्लॉक केलेला. लाट अर्ध्यात अडकली. डिकीवाला ओरडला, "ओढ ना बे गद्दारा!" पुढच्याने मागे वळून न बघता पाय रोवले.