अनोळखी सुरांपासून संरक्षण

लखनौला रायबरेली रस्त्यावर, उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने वसवलेल्या वृंदावन योजनेत जे राहतात त्यांचे, आणि इतरत्र राहणाऱ्या आपणा सर्वांचेही, एकदा जाहीर अभिनंदन व्हायला हवे. नफ्यासाठी न चालणारी जगभरची रेडिओ केंद्रे इंटरनेटवरून थेट खिशातल्या फोनवर आली, तरी आपण विचलित झालो नाही. गेल्या वर्षी आवडलेली गाणी आणि त्यांचीच भावंडे ॲप निष्ठेने वाढत राहते. आपणही पानात काही टाकत नाही.

या बाबतीत विष्णू नारायण भातखंडे यांचे वर्तन मात्र अनुकरणीय म्हणता येत नाही. मुंबईचा हा वकील देशभर हिंडला, दक्षिणेतही गेला. घराण्यांनी जपून ठेवलेल्या बंदिशी त्यांनी उस्तादांची मनधरणी करून मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. 1926 मध्ये याच लखनौत मॅरिस संगीत कॉलेज उभे राहिले तेही त्यांच्याच ध्यासातून. एवढी दगदग कशासाठी? कोणाही सामान्य माणसाला आधी न ऐकलेला राग ऐकता यावा म्हणून! आता आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी 26 जानेवारी 2016 पासून हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीत अहोरात्र ऐकवते, तेही फुकट. भातखंड्यांना ज्यासाठी आगगाडीचे लांबलचक प्रवास करावे लागले, ते बोटाच्या एका स्पर्शावर आले आहे. इतके सोपे असूनही ते न करणे, याला संयम लागतो.

दुसरे मराठी गृहस्थ बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. उत्तर प्रदेशातून निवडून आलेले केसकर 1952 ते 1962 नभोवाणी खात्याचे मंत्री होते. लोकांनी शास्त्रीय संगीत ऐकावे म्हणून त्यांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले. लोकांनी काय करावे? चित्रपटगीतांसाठी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले. अखेर 1957 मध्ये सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. आपण काय ऐकायचे हे दुसऱ्याने ठरवू नये, अशी त्या पिढीची हट्टी समजूत होती. आज केसकरांचे काम यंत्र करते, तेही खाते न सांभाळता, आणि काटा फिरवण्याचा उद्धटपणा कोणी करत नाही. नागरी शिस्त म्हणतात ती हीच.

परदेशात ही शिस्त अजून रुजलेली नाही. न्यू जर्सीचे डब्ल्यूएफएमयू हे रेडिओ केंद्र जाहिराती घेत नाही, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालते, आणि काय वाजवायचे ते निवेदकावर सोडते. यातला धोका ओळखायला हवा. एका जिवंत माणसाने, आपली आवड ठाऊक नसताना, केवळ त्याला भावले म्हणून एखादे गाणे पुढ्यात ठेवले, की ‘याला यात काय सापडले असेल?’ असा प्रश्न पडतो. मग ते गाणे शेवटपर्यंत ऐकावे लागते. कधी कधी ते आवडते, आणि आपण कोण याविषयी यंत्राने इतक्या कष्टाने बांधलेला अंदाज चुकतो.

मुलांबाबत तर विशेष दक्षता हवी. लखनौत वाढणाऱ्या मराठी मुलाच्या हाती आकाशवाणीचे ॲप पडले, तर ते पुणे ऐकेल, नागपूर ऐकेल, लखनौ ऐकेल आणि चुकून गुवाहाटीही. ओवी, चैती, बिहू यांतले आपले कोणते आणि परके कोणते, हे मग त्याला कोणत्याही वयात नीट सांगता येणार नाही.