गुहागर, व्हाया डावं मागचं चाक

गुहागरला सुरूच्या बनामागे सहा-सात किलोमीटर लांब किनारा आहे, गावात व्याडेश्वर आहे, आणि पुढे हेदवीला भरतीचं पाणी बामणघळीतून उंच उसळताना बघायला मिळतं. झालं प्रेक्षणीय स्थळांचं. आता काकांच्या अंगणाकडे वळू, कारण ह्या प्रवासात मी सगळ्यात जास्त काळ जे बघितलं ते आमच्याच गाडीचं डावं मागचं चाक होतं. तेही उकिडवं बसून. माझ्या वजनाच्या माणसाने उकिडवं बसणं हीच एक स्वतंत्र सहल असते. जाणं सोपं, परतीचं काही खरं नाही.

गाडी ही चालवते. माझा गाडीशी संबंध हप्ते भरण्यापुरता आणि मॅन्युअल वाचण्यापुरता. आल्या रात्री गाडी आत घेताना गडग्याचा एक धारदार चिरा टायरच्या बाजूला लागला. त्या वेळी मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ कोण ओरडत होतं, ह्याबद्दल घरात अजून एकमत नाही. सकाळी शेजारचा पम्या कुंपणावरून म्हणाला, “टायर बसला वाटतं!” आणि अर्धी वाडी बघायला आली.

मी मॅन्युअल काढलं. ‘गाडी सपाट व टणक जागी उभी करावी,’ मी मोठ्याने वाचलं. कोकणातलं अंगण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून उतरतंच ठेवलेलं असतं. सपाट भाग एकच, पुढचं खळं.

“कालच सारवलंय मी!” काकू म्हणाल्या.

वाटाघाटी झाल्या. परत सारवायचं काम माझ्याकडे आलं आणि गाडी ढकलत खळ्यात आली.

‘गाडीतील प्रवाशांनी खाली उतरावे.’ मी तोवर सावलीला मागच्या सीटवर बसून वाचत होतो. मी उतरलो तशी गाडी थोडी वर आली. हे पम्याने सगळ्यांना दाखवलं.

हिने हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि जॅक काढला. इतका वेळ ओटीवर गप्प बसलेले काका म्हणाले, “सूनबाई, थांब. तुझा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. त्यातलं एक तू उचलणार. मग गाडीला धरायला राहिलं कोण?” पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून चिरे लागले.

काका तरुणपणी आंब्याच्या ट्रकवर होते. पुढचा सगळा कारभार त्यांनी हातात घेतला आणि माझं मॅन्युअल त्यांच्या हुकमांना दुजोरा देण्यापुरतं उरलं. नट आधी सैल करायचे, चाक जमिनीवर असतानाच. कारण उचलल्यावर पान्याला झटका दिला की गाडी जॅकवरून सरकते. पण नट हलेनात. कुठल्याशा गॅरेजात ते मशीनने आवळलेले. हिने जोर लावला, पम्याने लावला. शेवटी पाना आडवा धरून मला त्यावर पाय देऊन दाबायला सांगितलं. कर्र! माझ्या वजनाचा घराण्याला झालेला हा पहिला उपयोग.

जॅक लावायची जागा मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालच्या पत्र्याच्या कडेला, दोन खाचांच्या मध्ये असते. दुसरीकडे लावला तर पत्रा आत जातो. जॅक सारवलेल्या मातीत रुतायला लागला तेव्हा पम्या धावत एक चिरा घेऊन आला.

“चिरा नको!” काका इतक्या जोरात ओरडले की पम्याने तो स्वतःच्या पायाजवळ टाकला. “जांभा चाकाला अडवायला चालतो. जॅकखाली एका जागी भार आला की फुटतो. फळी आणा.”

काकूंनी पाट द्यायला नकार दिला. तो गणपतीचा होता. फणसाची फळी मिळाली.

गाडी वर गेली. चाक निघालं. नट कुठे पडला म्हणून ही वाकून गाडीखाली हात घालायला गेली आणि काकांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा हात थरथरत होता.

“खाली नाही जायचं,” ते म्हणाले. “आमच्या ट्रकचा जॅक असाच सरकला होता. घाटात. क्लीनर पोर होता, मिसरूड फुटत होतं.”

पुढे ते बोलले नाहीत. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून त्यांच्याजवळ ठेवला. पम्यासुद्धा गप्प झाला. मग काकांनी काठीने नट बाहेर ओढला आणि काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवायला लावलं. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. स्टेपनी बसवताना तेवढं ते बाहेर काढलं.

नट समोरासमोरचे आवळायचे, एका बाजूने ओळीने नाही, म्हणजे चाक वाकडं बसत नाही. आधी बेताने, आणि गाडी खाली आल्यावर पक्के. पक्के करायला पुन्हा माझा पाय पुढे आला, तर काका म्हणाले, “हातानेच. तुझ्या पायाने बोल्टच तुटेल.”

स्टेपनी इतर चाकांपेक्षा बारकी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ नये. गुहागरहून निघणाऱ्या माणसाला ही ताकीद म्हणजे एकादशीला मटणबंदी.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. 2020 साली केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालतं. नियम करणाऱ्यांना गडगा माहीत नसावा. शृंगारतळीच्या टायरवाल्याने फाटलेल्या बाजूवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, “हे किटनं पण नाही भागणार आणि माझ्यानं पण नाही. बाजू फाटली की नवा टायर.” नवा टायर घेतला आणि चिपळूणला चहासाठी थांबलो तेव्हा नट पुन्हा एकदा आवळून पाहिले. तसं मॅन्युअलही सांगतं, पण ह्या वेळी मला कोणी वाचू दिलं नाही.

तुम्ही गुहागरला जरूर जा, बामणघळ भरतीच्या वेळीच गाठा. आणि स्टेपनीतली हवा बॅगा भरण्याच्या आधी तपासा. स्टेपनी बॅगांच्या खाली असते.